बाविसावं पान

मुनीरसर,

परवा तुमच्या शोकसभेत मी तुमच्या स्कूटरबद्दल बोलले. पावसाळ्यात ती सुरू होईना की तुम्ही तिला एका बाजूला कलती करून, कानात काही सांगितल्यासारखं थांबून मग किक मारायचात, हे सांगितल्यावर लोक हसले. शोकसभेत हसायला मिळालं की सगळ्यांनाच बरं वाटतं, म्हणून मी तशाच आणखी दोन गोष्टी सांगितल्या आणि खाली बसले. जे बोलायला उठले होते ते बोलले नाही.

माझ्यानंतर विभागप्रमुख बोलले. ते तुमच्या निवृत्तीनंतर आलेले. त्यांनी तुम्हाला जेमतेम दोनदा पाहिलं असेल. ते म्हणाले, सरांचा अंतराळ-हवामानाच्या अंदाजाचा प्रकल्प मंजूर झाला असता तर या कॉलेजचं नाव कुठल्या कुठं गेलं असतं; पण प्रस्तावात चुकलेल्या अंदाजांचे आकडे द्यायचे राहून गेले. माणूस आहे, मोह होतो. ते हे वाईट मनानं बोलले नाहीत. कॉलेजात इतकी वर्षं हीच गोष्ट एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली आहे, त्यांनी ऐकली तशी सांगितली. मुनीरसरांनी आपल्या चुका लपवल्या आणि अनुदान देणाऱ्या समितीनं ते पकडलं.

ते पान मी काढलं होतं, सर. तुम्ही लिहिलेलं बाविसावं पान, तुम्हाला न विचारता. तुम्हाला हे त्याच दिवशी, समितीच्या टेबलासमोर कळलं होतं. आणि मला हेही माहीत आहे की तुम्ही ते आयुष्यभर कुणाला सांगितलं नाहीत. आज तुम्ही नाही, आणि सभागृहात तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते मी पुन्हा एकदा ऐकून घेतलं. म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहायला वेळ लागतो हे तुम्हाला माहीत आहे.

आपली ओळखही एका प्रश्नावरूनच झाली. तुम्ही भौतिकशास्त्रात, मी संख्याशास्त्रात. दोन विभागांमध्ये एक जिना आणि एक पाण्याचा माठ. एके दिवशी तुम्ही वही घेऊन माझ्या दारात उभे राहिलात आणि विचारलंत, एखादा माणूस रोज दुपारी तीन वाजता संध्याकाळचं भविष्य सांगत असेल, तर तो नुसता नशिबाचा आहे की त्याला खरंच काही कळतं, हे कसं ओळखायचं? मी विचारलं, कोण हा माणूस? तुम्ही म्हणालात, "मीच की."

त्या वहीत कॉलेजच्या गच्चीवरच्या, पाण्याच्या टाकीशेजारी बसवलेल्या यंत्राच्या नोंदी होत्या. आकाशात खूप उंचावर विजेचा भार असलेल्या हवेचा थर असतो, उपग्रहांचे संदेश त्यातून खाली येतात, सूर्याचा स्वभाव बिघडला की त्या थराचाही बिघडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. आपल्या बाजूला दिवस मावळल्यावर तो थर कधीकधी खालून फुगतो, त्यात बुडबुडे उठतात आणि त्यातून येणारे संदेश थरथरतात. चैत्रात आणि आश्विनात जास्त. हे तुम्ही मला तुमच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तव्यावरच्या फुलक्याकडे बोट दाखवत समजावलंत. नजमाभाभी म्हणाल्या, "फुलका जल रहा है. साइंस बाद में." पुढं प्रस्तावात मी तो फुलका जसाच्या तसा घातला होता. समितीतल्या एकाला तो आवडला होता.

शास्त्रज्ञांना हे सगळं फार दिवसांपासून माहीत आहे, असं तुम्ही नेहमी सांगायचात. पण त्यांना माहीत असणं वेगळं आणि ज्याला गरज आहे त्याला दुपारी तीन वाजता कळणं वेगळं. या दोहोंमधलं काम कुणाच्याच खात्यात बसत नाही. शोध लावायला पैसे मिळतात, यंत्र घ्यायला मिळतात, शोधाचं अवजार करायला मिळत नाहीत.

गरज असलेला माणूस तुम्हाला कॉलेजच्या ऑफिसबाहेर सापडला. लासूर स्टेशनकडं जमिनीच्या मोजण्या करणारे काळेभाऊ मुलीच्या प्रवेशासाठी आले होते आणि बाकावर बसून दुसऱ्या पालकाला मोजणीच्या नव्या यंत्राचं गाऱ्हाणं सांगत होते. ते यंत्र उपग्रहावरून जागा सांगतं. उन्हाळ्यात मोजणी ऊन उतरल्यावर सुरू होते आणि दिवे लागल्यावरही चालते, आणि नेमकं तेव्हा यंत्र बिनसतं. "दिवसभर लई गुणाचं असतंय," ते म्हणाले, "दिवे लागले की याच्या अंगात येतंय." तुम्ही त्यांच्या शेजारी जाऊन बसलात आणि मुलीचा प्रवेश होऊन गेला तरी त्यांना उठू दिलं नाहीत.

तिथून आपलं काम सुरू झालं. तुम्ही रोज तीनला सूर्याच्या आणि गच्चीवरच्या नोंदी पाहून ठरवायचात, आणि काळेभाऊंना नि त्यांच्यासारख्या आणखी काही मोजणीवाल्यांना फोनवर चार शब्द जायचे: "आज सातच्या आत आटपा." नाहीतर, "आज चालेल." एवढंच आपलं अवजार. आपला शिपाई त्याला सूर्याचं पंचांग म्हणायचा आणि माझं काम त्या पंचांगाची परीक्षा घेण्याचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गच्चीवरची नोंद पाहायची आणि अंदाज बरोबर की चूक ते लिहायची. चुका दोन जातींच्या. थरथर झाली आणि आपण सांगितलंच नाही, ती एक. आपण सांगितलं आणि काहीच झालं नाही, ती दुसरी. दुसरीला तुम्ही पोकळ हाक म्हणायचात.

पोकळ हाकेचा तुम्हाला फार त्रास व्हायचा. मला वाटायचं, त्यात काय एवढं. सातला घरी गेले, विश्रांती मिळाली. मग सोयगावकडची ती गोष्ट झाली. दोन भावांच्या सामाईक बांधाची मोजणी होती. थोरला सुरतहून रजा काढून आला होता, लगतचे खातेदार बोलावले होते, पंच बसले होते. तुमचे चार शब्द वाचून मोजणीवाल्यानं सातला यंत्र पेटीत ठेवलं, शेवटची बाजू राहिली. त्या संध्याकाळी आकाश एखाद्या शहाण्या मुलासारखं शांत होतं. थोरला भाऊ दुसऱ्या दिवशी परत गेला आणि पुढची तारीख पावसाळ्यानंतरची पडली.

तुम्ही एसटीनं सोयगावला गेलात आणि मला बरोबर नेलंत. धाकट्या भावाच्या ओट्यावर बसून तुम्ही त्याला सांगितलंत की मोजणीवाल्याचा दोष नाही, अंदाज माझा होता, तो चुकला. त्याला काहीच कळेना. तो म्हणाला, "व्हय, पण तुम्ही कशापायी आलात? इथं माणूस बांध कोरून नेतो तरी येत नाय सांगायला." त्यानं आपल्याला ताक दिलं. परतीच्या वाटेवर तुम्ही ती तारीख, गाव आणि "थोरल्या भावाची रजा वाया" असं लिहिलंत. पुढं प्रत्येक पोकळ हाकेनंतर तुम्ही जाऊन विचारायचात, कुणाचं काय बुडालं, आणि लिहायचात. बाविसावं पान ते होतं.

त्यावरून आपलं भांडण सुरू झालं आणि संपलं कधीच नाही. माझं म्हणणं, अंदाजावर आधी विश्वास बसला पाहिजे. पहिल्या भेटीतच आपण किती चुकतो ते सांगितलं तर पुढचं कोण ऐकेल? तुमचं म्हणणं, चूक सांगायला जो लाजतो तो ज्योतिषी. त्यासाठी कॉलेजात नोकरी कशाला, घाटी दवाखान्यासमोर पोपट घेऊन बसावं. मी म्हणायची, पोपटाकडं गर्दी तरी असते. तुम्ही हसायचात, पण पान ठेवायचात.

अनुदानासाठी आपण आधी दोनदा अर्ज केला होता. पहिल्या वेळी उत्तर आलं की विज्ञान चांगलं आहे, उपयोग दाखवलेला नाही. दुसऱ्या वेळी आलं की उपयोग ठीक आहे, विज्ञानात नवीन काय? तुम्ही दोन्ही पत्रं शेजारीशेजारी ठेवून मोठ्यानं वाचलीत आणि म्हणालात, या दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायला पाहिजे. मी खूप हसले होते. पण तिसरा अर्ज तुमच्या निवृत्तीच्या आधीचा शेवटचा होता, आणि तेव्हा मला हसू येत नव्हतं. मिळालं असतं तर यंत्रं तीन गावांत बसणार होती, दोन मुलं कामाला घेता येणार होती, चार शब्द सगळ्या मराठवाड्यातल्या मोजणीवाल्यांना जाणार होते. आणि त्या अर्जावर, तुमच्या नावाखाली, सहसंशोधक म्हणून माझं नाव होतं. तोवर इतरांच्या आकड्यांची तपासणी करण्यात माझी नोकरी गेली होती, माझं नाव कधी कशावर आलं नव्हतं. हेही लिहायला हवं. मी ते तुमच्यासाठी केलं असं म्हणणं सोपं आहे. मलाही ते हवं होतं.

शुक्रवार होता. अर्ज पाचपर्यंत संकेतस्थळावर चढवायचा होता. तुम्ही नमाजला निघालात आणि दारातून म्हणालात, "मॅडम, चढवून टाका, मी येतोच." मी पानं चाळली. बाविसाव्या पानावर थांबले. थोरल्या भावाची रजा, कुणाचा पंच परत गेला, कुणाचं भाड्यानं आणलेलं वाहन फुकट गेलं. मला वाटलं, हे वाचून कुणीही म्हणेल, मग हे अवजार कसलं? मी ते पान काढलं आणि पुढच्या पानांचे क्रमांक बदलले. पानांची मर्यादा आहे असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे अजून एका पानाची जागा शिल्लक होती. मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, असंही सांगितलं. बरोबर आलेल्या अंदाजांचे आकडे खरेच होते. अर्धी गोष्ट खरी लिहिली की ती किती खोटी होते हे मी वर्षानुवर्षं मुलांना फळ्यावर शिकवत होते.

तुम्ही आलात. "गेलं?" विचारलंत. मी म्हटलं, गेलं. तुम्ही माठातलं पाणी प्यायलात. तुम्ही ते पुन्हा उघडून पाहिलं नाहीत, कारण मी म्हटलं होतं.

पुण्याला समितीसमोर बोलावणं आलं तेव्हा आपण दोघं गेलो. तुम्ही छान बोललात. फुलका, काळेभाऊ, चार शब्द. समोरची माणसं पुढं सरकून ऐकत होती. मग शेवटच्या खुर्चीवरच्या वयस्कर बाईंनी शांतपणे विचारलं, तुम्ही बरोबर सांगितलंत ते दिसलं, पण उगाच किती वेळा सांगितलंत?

मला अजून आठवतं, तुम्हाला आनंद झाला होता. हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तुम्ही किती वर्षं थांबला होतात. तुम्ही म्हणालात, "बाविसाव्या पानावर आहे, मॅडम. एकेक हाक लिहिली आहे." त्यांनी बाविसावं पान उघडलं. तिथं खर्चाचा तक्ता होता. त्यांनी एक पान मागं पाहिलं, एक पुढं पाहिलं. "नाही इथं," त्या म्हणाल्या.

तुमच्या हातात तुमची स्वतःची प्रत होती, घरी छापलेली. तुम्ही ती उघडली होती. बाविसावं पान तुमच्या अंगठ्याखाली होतं, मी शेजारून पाहत होते. तुम्ही ते त्यांच्यापुढं सरकवलं असतंत तर पुढचा प्रश्न आला असता की मग आमच्या प्रतीतून कुणी काढलं. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी टेबलाकडं पाहत होते. तुम्ही फाईल मिटलीत आणि म्हणालात, "माझ्याकडून राहिलं."

त्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, वाईट वाटल्यासारखं काहीतरी होतं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. दोन वाक्यं होती. खोलीत सहा माणसं होती आणि दार बंद होतं. मी बोलले नाही.

परत येताना नगरला बस थांबली. तुम्ही खाली उतरून दोन चहा आणि कागदात भजी घेऊन आलात. "खा, मॅडम, सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही." एवढंच. पुढचा सगळा रस्ता तुम्ही खिडकीतून उसाच्या गाड्या पाहत होतात. घरी पोचेपर्यंत मी वाट पाहत होते.

नकाराचं पत्र आलं, त्यात लिहिलं होतं की पद्धतीच्या अपयशाची माहिती अर्जदारानं दडवली, त्यामुळे सेवा म्हणून तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. कॉलेजात पत्रं सगळे वाचतात. स्टाफरूममध्ये विनोद सुरू झाले, त्यातले काही तुमच्या समोरच झाले. तुम्ही वर्तमानपत्राची घडी घालायचात आणि वर्गावर जायचात. मला वाटायचं, आज तुम्ही कुणालातरी सांगाल. आज निदान मला विचाराल. माझ्याशी तुमच्या वागण्यात तसूभर फरक पडला नाही. फक्त एक गोष्ट बदलली, ती दुसऱ्या कुणाच्या लक्षात येण्यासारखी नव्हती. त्यानंतर तुम्ही आपले कागद स्वतः चढवू लागलात.

अनुदान मिळालं नाही म्हणून काम थांबलं नाही. यंत्राची केबल माकडांनी तोडली ती पुन्हा बसली नाही. मग तुम्ही बाहेरच्या केंद्रांच्या नोंदी पाहून अंदाज करू लागलात, निवृत्तीनंतर घरून, शेवटी दवाखान्याच्या खाटेवरून. अवजार व्हायचं होतं ते एका माणसाची सवय होऊन राहिलं. माणूस गेला की सवय जाते. तुम्हाला हीच भीती होती, आणि ती खरी झाली. मातीच्या दिवशी काळेभाऊ लासूरहून आले होते. मी कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर उभी होते, तिथं ते येऊन थांबले. मग म्हणाले, "तीन वाजले की हात फोनकडं जायलाय, मॅडम. सवय मोडंना."

शोकसभेनंतर मी तुमच्या घरी गेले. भाभी एकट्याच होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. शुक्रवार, पान, पुणं. त्या मान खाली घालून गव्हातले खडे काढत होत्या, त्यांचा हात थांबला. त्यांना काही माहीत नव्हतं. "उनो तो घर में कुछ बोलेच नहीं," त्या म्हणाल्या. "इतना बोले, कागज में गलती हो गई, मेरी." मी रडायला लागले. मला वाटलं होतं त्या माझ्या पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ठेवला नाही. पुन्हा गव्हात हात घालत, अगदी नेहमीच्या आवाजात, त्यांनी सांगितलं: "मेरे को बोल के क्या होता, मॅडम? जिनके सामने उनका नाम खराब हुआ, उनके सामने बोलो."

म्हणून हे कॉलेजच्या अंकासाठी लिहिलं आहे. याच मजकुराचं पत्र समितीलाही पाठवलं. ती माणसं आता तिथं नसतील, ते फाईल काढतील की नाही तेही माहीत नाही, तरी पाठवलं. विभागप्रमुखांना इथवरचा मजकूर छापण्याआधी वाचायला दिला. वाचून झाल्यावर ते अवघडून म्हणाले, मॅडम, इतक्या वर्षांनी हे छापायलाच हवं का, लोक तुमच्याबद्दल काय म्हणतील? मी म्हटलं, तुम्ही परवा सरांबद्दल म्हणालात तेच म्हणतील. आता ते बरोबर माणसाबद्दल असेल. ते दुसऱ्या दिवशी माझ्या घरी आले आणि म्हणाले की माझं भाषण मागं घेतो असंही त्याच अंकात छापा. ते चांगले गृहस्थ आहेत, सर. तुमचं त्यांच्याशी जमलं असतं.

आता फक्त तुमच्याशी बोलायचं उरलं आहे. माफी मागायची ती मी मागते. ती कुणी ऐकायला नाही हे समजून मागते. पण तुमच्याशी मी कधी गोड बोलले नाही आणि आज बोलले तर तुम्हालाच ओळखू येणार नाही. तेव्हा एक तुमचंही सांगते. तुम्हाला वाटलं असेल की गप्प राहून तुम्ही मला सांभाळलंत. तुम्ही सांभाळलं नाहीत. त्यानंतर किती वर्षं आपण समोरासमोर बसलो, चहा प्यायलो, सूर्यावरच्या डागांची चित्रं पाहिली, आणि प्रत्येक वेळी मी तुमच्या चेहऱ्यात तो प्रश्न शोधत होते. तुम्ही रागावला असतात तर मी त्या दिवशीच सगळं बोलून टाकलं असतं, तुमचं नावही तेव्हाच निर्मळ झालं असतं, आणि तुम्हाला ते तुमच्या डोळ्यांनी पाहायला मिळालं असतं. तुम्ही मला इतकं भित्रं समजलात, आणि मी तशीच राहिले.

तुम्ही विचारायला हवं होतं, सर. मी रोज वाट पाहत होते.